दोन राज्यं, दोन्ही नापास

शनिवारची दुपार, बाहेर बारीक पाऊस आणि जिना पुसायची पाळी माझी. जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेन गावात दर आठवड्याला एका घराने जिना लख्ख करायचा असतो. त्याला केअरवोखे म्हणतात, आणि ती चुकवणाऱ्याला अख्खी इमारत ओळखून असते. शेवटची पायरी पुसून वळते तर काय, चिखलाच्या बुटांनी एक उंच मुलगा वर चढत होता.

"हाल्ट!" मी ओरडले.

तो दचकला, घसरला, कठडा धरून कसाबसा सावरला. "आई गं!"

जर्मनीत इतक्या अस्सल मराठीत कोणी घसरताना मी पाहिलं नव्हतं. "अहो, सांभाळून!" म्हणतानाही मला हसू आवरेना.

"हसताय काय? पडलो असतो तर?"

"तर पायरी पुन्हा पुसावी लागली असती... बूट काढा आधी."

त्याने निमूट बूट काढले. हा अनुज. मूळचा पुण्याचा, वर्षभर स्टुटगार्टमध्ये राहून त्याच आठवड्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर आलेला. दोन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि रविवारचे पोहे माझ्याकडे, हेही ठरून गेलं.

अशाच एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला.

"मालविका, मदत हवीय. ऑफिस दोन वर्षं अमेरिकेला पाठवतंय. मिशिगन की साऊथ कॅरोलायना, ते मी ठरवायचं. नाही म्हटलं तरी चालेल, पण... मी जाईन म्हणतोय. उद्या सकाळी बॉसला सांगायचंय."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी मिशिगनला शिकले होते, आणि साऊथ कॅरोलायनात सुनेत्रामावशीकडे कितीतरी सुट्ट्या घालवल्या होत्या. मला न विचारून तो विचारणार तरी कोणाला!

त्याने तक्ता उघडला. इथले इंजिनिअर काहीही निवडताना असाच तक्ता करतात. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण द्यायचे, ज्याची बेरीज जास्त ते घ्यायचं.

"आल्झो... तर मग, हवामान. मिशिगन?"

"एक. एप्रिलपर्यंत बर्फ उपसत बसशील."

"साऊथ कॅरोलायना?"

"एक. घाम, डास, वरून चक्रीवादळं."

"बस, ट्रेन?"

"गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. दोन्हीकडे शून्य."

"माणसं?"

"हसतात गोड... पण विचारत कोणी नाही. दोन घाल. दोन्हीकडे."

तो टाइप करायचा थांबला. "मावशी तर वीस वर्षं तिथे सुखात आहेत ना? आणि मिशिगनची तळी, ती लाल झाडं... फोटो तूच दाखवलेस. मग दोन्ही राज्यं नापास कशी?"

माझे कान तापले. तो जाईल या भीतीने मी त्याला चक्क फसवत होते, आणि ते मलाच सहन होईना.

"खोटे गुण दिले मी. मिशिगन सुंदर आहे, माणसंही चांगली आहेत. जायचंच असेल तर तिथेच जा. पण... तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तू मला आवडतोस, अनुज. आता हे कुठल्या रकान्यात बसतं ते तू बघ."

पोहे करपायला लागले होते. गॅस त्यानेच बंद केला.

"मी निघालो होतो कशासाठी, माहितीये?" तो हळूच म्हणाला. "इथे माझं असं कोणी नाही, म्हणून. तुझ्याकडे आलो की घरी आल्यासारखं वाटतं... पण तू नुसता शेजारधर्म पाळतेयस, असं समजत होतो."

"शेजारधर्म? दर रविवारी? इतका कसा रे तू मठ्ठ!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. हसताना त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

तिथेच बसून त्याने बॉसला जर्मनमध्ये चार ओळी लिहिल्या. संधीबद्दल आभार, पण मी इथेच राहू इच्छितो. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "चुका बघून दे ना."

दुसऱ्या ओळीत एक चूक होती. ती सुधारायलाही मला धीर नव्हता. मी सरळ मेल पाठवून टाकली.