किती राहिलं, काका?

हे खरं आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत झालं आणि मी तिथे होते. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. माझी काही तक्रार नाही.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

मागच्या वर्षी, दिवाळीच्या आधी. डहाणू तालुक्यात वाढवणजवळ आमची चिकूची वाडी आहे. भरतीची गाज घरात ऐकू येते.

माझा भाऊ प्रितेश सैन्यात होता. तिथे तो रोइंग करायचा, शर्यतीची बोट वल्हवायचा. पाठ गेली, म्हणून घरी आला. येऊन त्याने एक जुनं, वापरलेलं रोइंग मशीन विकत घेतलं आणि वाडीतल्या शेडमध्ये, चिकूच्या क्रेटच्या बाजूला ठेवलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांब पट्टी असते, तिच्यावर सरकणारी सीट. पाय पट्ट्यात अडकवायचे, साखळीची दांडी धरायची आणि पायाने रेटून मागे जायचं. पुढे जाळीत एक पंखा असतो. दांडी ओढली की तो फिरतो.

सर्रर्र... हूऽऽऽ.

सर्रर्र... हूऽऽऽ.

आमच्या घरात हा आवाज पंख्या-मिक्सरसारखा सवयीचा झाला होता.

प्रितेश स्वतः फार करायचा नाही. तो सुनिलला शिकवायचा.

सुनिल तलासरीकडचा, उधव्याचा. मैदानावर पोलीस भरतीची तयारी करत होता, तिथे प्रितेशने त्याला पाहिलं. उंच, लांब हातांचा. मशीनवरच्या रोइंगच्या राज्यस्पर्धेत उतरवायचं म्हणून त्याला आमच्याकडे आणला. आठवडाभर इथे राहायचा, वाडीत काम करायचा, सकाळ-संध्याकाळ मशीनवर. शनिवारी बायकोकडे, संगिताकडे, गावी जायचा.

"आधी पाय, मग पाठ, मग हात," प्रितेश सांगायचा. "ओढताना जोर. परत येताना सावकाश. वेग सगळ्यांना येतो. ताबा येत नाही."

"येईल, दादा," सुनिल म्हणायचा.

त्याची एकच खोड जात नव्हती. ओढ संपताना तो मनगट झटकायचा आणि साखळी टण्ण वाजायची. प्रितेश डोळे मिटूनही ओळखायचा, मशीनवर सुनिल आहे की दुसरं कोणी.

मग ते झालं.

शेजारच्या सदूकाकांची छोटी होडी आहे. त्यांचा जोडीदार तापाने पडला होता, म्हणून सुनिल जाळी काढायला त्यांच्यासोबत गेला. परत येताना इंजिन बंद पडलं, वल्ही मारावी लागली. वारा फिरला. खडकांच्या बाजूला होडी उलटली.

सदूकाका जाळ्याच्या तरंगत्या बोयांना धरून राहिले. दुसऱ्या बोटीने त्यांना उचललं.

सुनिल सापडला नाही.

वाढवणपासून खाली-वर सगळ्या बोटी शोधत होत्या. पोलीस आले. संगिता आली, किनाऱ्यावर बसली, रडली नाही. तिचा भाऊ तिला घेऊन गेला.

सदूकाका त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. रस्त्यात दिसले तरी मान खाली घालायचे.

घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आई स्वयंपाक करायची. मी शाळेत शिकवायला जायचे, दुपारी परत यायचे. प्रितेश ओटीवर झोपाळ्यावर बसलेला असायचा. ताट पुढे केलं की जेवायचा. नाही केलं तर नाही. मशीनवर त्यानेच चादर टाकली होती.

मला काहीच वाटत नव्हतं. बधिर झाल्यासारखं. दात काढल्यावर गाल असतो ना, तसं.

एका दुपारी मी मोरीत ताटं घासत होते.

सर्रर्र... हूऽऽऽ.

मला बरं वाटलं. चला, प्रितेश उठला. काहीतरी करतोय.

हात पुसत बाहेर आले...

प्रितेश झोपाळ्यावर होता. शेडकडे बघत होता.

"आई आहे का तिकडे?" मी विचारलं.

"आई झोपलीये."

सर्रर्र... हूऽऽऽ... टण्ण.

मी शेडपर्यंत गेले. कडी बाहेरून लावलेली होती. काढली.

आवाज थांबला.

चादर खाली पडली होती. सीटवर कोणी नव्हतं. पण पंखा... पंखा अजून फिरत होता. जाळीतून वारा माझ्या तोंडावर येत होता. गार. खारा.

मी चादर उचलली, मशीनवर टाकली, कडी लावली. परत येऊन उरलेली ताटं घासली. खरंच सांगते, घासली. भीती वाटायलाही अंगात काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी परत. तीच वेळ. होडी उलटली ती वेळ.

मग रोज.

आईने शेडच्या दारात नारळ ठेवला. कोणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही.

आवाज मात्र बदलत गेला. आधी संथ होता. मग घाई वाढली. ओढीवर ओढ. मध्ये दम घ्यायला जागाच नाही. ऐकताना आपली छाती दुखावी, असा.

"त्याचा ताबा गेलाय," प्रितेश म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता. "असा मारत राहिला तर संपेल."

"प्रितेश, तो..."

"माहितीये मला."

तो उठला आणि शेडमध्ये गेला. मी दारात उभी राहिले. या वेळी आवाज थांबला नाही.

सीट सरकत होती. पुढे, मागे. दांडी हवेत ओढली जात होती. पट्टीवर पाणी होतं, सीटसोबत ते पुढे-मागे पसरत होतं.

बाकी काही नव्हतं. कोणी नव्हतं.

प्रितेश क्रेट उलटा करून बाजूला बसला.

"सुनिल," तो म्हणाला, रोज म्हणायचा तसाच. "घाई नको. परत येताना सावकाश. श्वास सोड... आता पाय."

सीट हळू झाली.

मी पाहिलंय. ती हळू झाली.

"असंच. असंच ठेव."

पण थांबली नाही.

त्यानंतर प्रितेश रोज दुपारी तिथे बसू लागला. मी नको म्हटलं. आईनेही म्हटलं. तो ऐकून घ्यायचा आणि वेळ झाली की उठायचा. त्याचे गाल बसले. रात्री झोपेतही तो ओढ-सोड, ओढ-सोड, असाच श्वास घ्यायचा.

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी मी शाळेतून आले, तर शेडचं दार उघडं होतं.

मशीनवर प्रितेश होता.

पाठीचं दुखणं असलेला माणूस. डॉक्टरांनी वाकायलाही बंदी केलेली. तो पूर्ण ताकदीने ओढत होता. डोळे उघडे. तळहात सोलून दांडी लाल झाली होती.

"प्रितेश, सोड ते."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. मी त्याचा खांदा धरला. खांदा बर्फासारखा गार होता. मी ओढले गेले, तो थांबला नाही.

सर्रर्र... हूऽऽऽ... टण्ण.

टण्ण.

प्रितेश कधीच मनगट झटकायचा नाही.

मग त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"किती राहिलं, काका?"

आवाज त्याचाच होता. पण प्रितेशचे काका कोण? सदूकाकांना तो सदूदादा म्हणतो, लहानपणापासून. त्यांना काका मी म्हणायचे...

आणि सुनिल म्हणायचा.

"किती राहिलं, काका?"

मी आईला प्रितेशजवळ बसवलं आणि पळत सदूकाकांकडे गेले. ते अंगणात जाळं शिवत होते. मी काय बोलले ते मला आठवत नाही. शेवटचं वाक्य सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातली सुई खाली पडली.

"हेच विचारत होता," ते म्हणाले.

"कोण?"

"सुनिल. आम्ही पुढं तोंड करून वल्हं मारतो. तो मशीनवर शिकलेला, किनाऱ्याकडं पाठ करून बसला. त्याला दिसतच नव्हतं. मी समोर बसलेलो. तो विचारायचा, किती राहिलं, काका? मी सांगायचो, आला, अजून थोडं. त्यानं परत विचारलं..."

त्यांनी सुई उचलली.

"मग?"

"मला बाजूने, खडकांकडून लाट येताना दिसली. मी लाटेकडं बघत राहिलो. बोललो नाही."

ते माझ्यासोबत आले. शेडच्या दारात त्यांचे पाय अडले. आई कोपऱ्यात प्रितेशचं नाव पुटपुटत होती. मशीन तसंच चालू होतं.

सदूकाका मशीनच्या समोर, पंख्याच्या पलीकडे, जमिनीवर उकिडवे बसले. होडीत बसले असतील तसे. खारा वारा त्यांच्या तोंडावर येत होता.

"किती राहिलं, काका?"

सदूकाकांनी दोन्ही हातांनी पंख्याची जाळी धरली.

"किती राहिलं..."

"आला," सदूकाका म्हणाले. "आला रे सुनिल. किनारा आला. माणसं उभी आहेत. वल्हं सोड आता."

एक ओढ झाली. अर्धी.

दांडी सुटली आणि साखळीसोबत झपकन पंख्याकडे गेली. प्रितेश बाजूला कोसळला. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग गरम होत होतं, श्वास चालू होता.

पंखा मात्र बराच वेळ फिरत राहिला. हळू... अजून हळू... आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

मग थांबला.

प्रितेशला डहाणूच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरा आहे. त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. शेडमध्ये जातो, क्रेट काढतो, भरतो. मशीन तिथेच आहे. आवाज नाही, काही नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

तुळशीच्या लग्नानंतर संगिता सुनिलचे कपडे न्यायला आली. तिला सांगावं की नाही, मला कळत नव्हतं. पण तिचा नवरा होता. मी सगळं सांगितलं. ती चहाचा कप धरून ऐकत होती. चेहरा तसाच, किनाऱ्यावर होता तसा. कोरा.

"सदूकाका बोलले ते त्याने ऐकलं?" तिने विचारलं.

"ऐकलं. लगेच थांबला."

"मग उतरला असेल."

"हो, संगिता."

तिने कप खाली ठेवला. चहा प्यायलेलीच नव्हती.

"पण तो मिळाला तर नाही अजून. घरी पण नाही आला. मी वाट बघते ना, मला कळलं असतं." ती शांतपणे बोलत होती, बसची वेळ विचारावी तशी. "तुम्ही त्याला किनारा आला म्हणून सांगितलं, ताई. मग तो उतरला कुठे?"

मी तिचा भरलेला कप उचलला.

कपड्यांची पिशवी घेऊन ती तलासरीच्या गाडीला गेली.

मला मशीनची भीती नाही वाटत. ते बंद आहे. पण दुपारी घरात कोणी नसलं की मी वाडीकडचं दार लावून घेते. चिकूखालचा पाचोळा वाजला, तर खिडकीतून बघत नाही.

कोणी हाक मारली, तर इथे किनारा नाही, हे मी त्याला कसं सांगू...