कात टाकेपर्यंत

आम्हाला मादी हवी होती, आणि तीही प्रौढ.

संग्रहालयात वाळवंटी शिकारी कोळ्याचा एकच नर एकतीस वर्षं स्पिरिटमध्ये पडून होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो विद्यार्थिनी असताना याच वाळूच्या टेकाडांवर पकडला होता, आणि त्यांच्या मते ती नवी जाती होती. इतर तज्ज्ञ मात्र मानेनात. दूरच्या वाळवंटात अशाच पट्टेरी पायांची एक जाती आहे, पण तिच्या फक्त माद्या सापडल्यात. तुमचा नर त्यांचाच कशावरून नसेल, असा त्यांचा सवाल. उत्तर मादीच्या पोटाखाली होतं. तिथे जननपट्टी नावाची तपकिरी, कठीण खूण असते. प्रत्येक जातीची निराळी, कुलपासारखी. मॅडम पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. नव्या जातीच्या लेखावर त्यांच्यानंतर माझं नाव लागणार होतं, तेव्हा घाई मलाही होतीच.

जीप चालवायला मॅडमचा धाकटा भाऊ होता. त्याचं गॅरेज होतं आणि सगळं गॅरेज त्याला मामा म्हणायचं, म्हणून मीही.

हा कोळी जाळं विणत नाही. बिळाच्या तोंडावर वाळू आणि रेशमाचं झाकण करून आत दबा धरतो. झाकण डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही; फक्त सूर्य कलता असताना त्याच्या कडेची नखाएवढी सावली पडते. म्हणजे सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास. मधल्या वेळात मी जीपभोवती फेऱ्या मारायचे. एका जागी बसवतच नव्हतं. तुझ्यामुळे वाळूत विहीर पडेल, असं मामा म्हणाला. तिसऱ्या दिवशी वादळाने आमच्या खुणेच्या काठ्या पुरून टाकल्या. चौथ्या दिवशी पाण्याचा मोठा कॅन कलंडला. उद्या सकाळी शेवटचा प्रयत्न आणि मग परत, असं ठरलं.

त्या सकाळी सावली दिसली!

मी गवताच्या काडीने झाकण उचललं. आत आठ डोळे चमकले. ती उसळली. थेट माझ्या बाहीवर! दंडावरून खांद्याकडे निघाली. मी काचेची नळी उपडी घातली. चुकले. पुन्हा घातली. सापडली! पंजाएवढी, वाळूच्याच रंगाची, पायांवर काळे पट्टे.

भिंगाखाली धरली आणि पोट पाहिलं. पट्टी नव्हतीच. नुसता धूसर डाग. ती वयात यायला एक कात बाकी होती. आता मारून ठेवली, तर कुलूप कधीच कळणार नव्हतं.

जिवंत न्यायची, मॅडम म्हणाल्या.

तासाभरात जीप वाळूत रुतली. मामाने चाकांखाली फळ्या सरकवल्या, पहिल्या गिअरमध्ये रेटून पाहिलं, आणि जळक्या लाइनिंगचा वास सुटला. क्लच प्लेट गेली. फोनला रेंज नव्हती. पक्का रस्ता नऊ किलोमीटर. पाणी दोन बाटल्यांत मिळून दीड लिटर. ऊन चढायच्या आत निघालो. नळीला ओलं फडकं गुंडाळून मी ती छातीशी धरली होती. अर्धं अंतर चालून मी फडकं सोडलं.

कोळीण नळीच्या वरच्या टोकाला उलटी लटकली होती. पोट काळवंडलेलं. ती कात टाकणार होती, आत्ता! आणि हलून तिचे पाय मोडू नयेत म्हणून मी तिला मुद्दाम अरुंद नळीत घातलं होतं. पाय बाहेर ओढायला जागाच नव्हती. माझी हुशारी तिच्या जिवावर उठली होती.

मॅडम म्हणाल्या, "रुंद भांडं हवं. आणि तासभर जागचं हलायचं नाही."

मामाने आधी सूर्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "ताई, कोळ्यापायी आपलीच कात निघेल."

पण बोलता बोलता त्याने एक बाटली उघडली होती. अर्धा लिटर आम्ही तिथेच पिऊन टाकलं; पोटातलं पाणी सांडत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. बाटलीचा गळा त्याने चाकूने कापला. मी नळीचं बूच काढून ती आत तिरकी सोडली आणि वर ताडपत्रीचा तुकडा बांधला. कोळीण रेंगाळली, बाहेर आली, वर चढली आणि ताडपत्रीच्या झाकणाला लटकली. आम्ही अंगाची सावली करून बसलो.

पाठीचं कवच फुटलं. दोन पाय सुटले. चार. सहा. वारा वाढला, वाळू डोळ्यांत जाऊ लागली. सात. आठवा अडकला. ती थांबली. तिने जोर केला. थांबली. पुन्हा जोर. सुटला!

पट्टी कडक व्हायला आणखी तासभर गेला. पाणी अर्ध्या बाटलीवर आलं. मॅडमनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"तू सांग."

दूरच्या जातीच्या पट्टीचं चित्र मला पाठ होतं: पाठीला पाठ लावलेल्या दोन कोयऱ्या. भिंगाखाली त्याच दोन कोयऱ्या होत्या. अजून रंग भरला नाही, खात्री देता येत नाही, असं म्हणता आलं असतं. जीभ तिथवर आली होती. निवृत्तीपर्यंत कुणी पुन्हा तपासलं नसतं.

"कोयऱ्या आहेत, मॅडम. तीच जाती."

मॅडमनी भिंग परत घेऊन पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा नर नवा कुणी नव्हेच. तिचा नवरा तो."

"एकतीस वर्षं वेगळ्या आडनावाने ठेवलास होय गं त्याला?" मामा म्हणाला.

मॅडम हसल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा हात सवयीने स्पिरिटच्या बाटलीकडे गेला, तो त्यांनी धरला. जाती ओळखीची आहे, बारा माद्या कपाटात आहेत, फोटो झालेत, पुराव्याला कात पुरे, असं त्या म्हणाल्या. झुडपाच्या सावलीत मी बोटाने खोलवर भोक केलं. ती आत शिरली आणि ओंजळभर वाळू मागे लोटून दिसेनाशी झाली.

उरलेले साडेचार किलोमीटर आम्ही कसे चाललो, ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. वाळू नडगीपर्यंत यायची. शेवटचं पाणी मामाने बाटलीच्या झाकणाने वाटून दिलं. मग पायाखाली एकदम डांबर लागलं, आणि दुपारी एका टँकरवाल्याने आम्हाला केबिनमध्ये घेतलं.

केबिनमध्ये मॅडमनी कातीच्या नळीसाठी पेन्सिलने चिठ्ठी लिहिली. जातीचं जुनंच नाव, ठिकाण, तारीख. शोधणाऱ्याच्या जागी माझं नाव. आणि खाली, गाडीच्या धक्क्यांनी वाकड्या झालेल्या अक्षरांत: हिचा नर सापडला आहे.