शेंदरी फुलं कोणी नेली?

“शेंदरी कुठं गेली?”

वाल्मिककाकांनी खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. नाशिकला एका गिऱ्हाइकाची माशांची टाकी बसवून तीन दिवसांनी ते खर्डीला परतले होते आणि थेट काचेसमोर उभे होते.

ही २००६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा अख्ख्या खर्डीत खाऱ्या पाण्याची टाकी एकच, काकांच्या ओटीवरची. काका मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होते. टाकीत मासे दोनच. खरी शान दगडांना चिकटलेल्या मऊ पोवळ्यांची. शर्टाच्या बटणाएवढी जिवंत फुलं! काका त्यांना पॉलिप म्हणत. हिरवी, जांभळी आणि सगळ्यांत लाडकी शेंदरी. आज शेंदरीच्या दगडावर मळकट तपकिरी फुलं बसली होती.

टाकी सांभाळायला पुतणी माधुरी आणि शेजारचा अमोल होते. लोडशेडिंगमध्ये पंप थांबला की दोघं आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतायचे, फुलांना हवा मिळावी म्हणून. पण काकांना आठवलं ते एवढंच, की अमोलने शेंदरीचा तुकडा तीनदा मागितला होता. मोठ्यांची आठवण अशी सोयीची असते.

“दगड बदललास ना? उद्यापासून या ओटीवर पाय ठेवायचा नाय,” काका म्हणाले.

अख्खी आळी ऐकत होती. अमोल खाली मान घालून निघून गेला.

“खर्डीत तपकिरी पोवळं कुठल्या दुकानात मिळतं, काका?” नऊ वर्षांच्या भूमिकाने विचारलं. माधुरीच्या या चुलतबहिणीला काकांनी डोळे वटारून गप्प केलं.

माधुरी रडवेली होऊन हौसाआजीजवळ बसली. आजी पेरणीसाठी भाताचं बी निवडत होती. सगळं ऐकून तिने चार दाणे नातीच्या तळहातावर ठेवले.

“रंगावर काय जातेस गो? भिजलं का सगळंच काळं दिसतं. कुसळ बघ, दाण्याचं तोंड बघ, मंग जात सांग.”

माधुरी उठली. काकांच्या वहीत प्रत्येक जातीचं पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं. भिंग घेऊन ती आणि भूमिका टाकीला चिकटल्या. तोंडाभोवती पांढरं कडं? होतं. काठावर झालरीच्या दोन ओळी? होत्या. डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेलं जुळं फूल? तेही जागेवर!

“दगड तोच आहे,” माधुरी म्हणाली.

“मग नुसता रंग कोणी चोरला?” भूमिका म्हणाली.

संध्याकाळी समोरच्या नवसूकाकांच्या मुलीची हळद होती. मांडवात शिरताच भूमिकाचा पांढरा फ्रॉक निळसर चकाकायला लागला. हसली तर दातही! माधुरीने वर पाहिलं. साध्या ट्यूबांच्या रांगेत एक निळी ट्यूब होती. तिच्या टोकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘टाकी’.

लग्नघराला लागेल ती वस्तू शेजाऱ्याकडून न विचारता उचलायची, ही आळीची रीत. सतरंजी, घमेलं, पाट, सगळं जायचं. नवसूकाकांच्या मांडवातली ट्यूब दुपारी उडाली, म्हणून ओटीवर कोणी नसताना त्यांनी टाकीवरची उचलली आणि बदल्यात घरातली साधी लावली. ट्यूब टाकीच्या झाकणाच्या आत असायची; ते उघडून बघायचं काकांनाही सुचलं नव्हतं.

“पाच मिनिटांसाठी काढून द्या,” माधुरीने हट्ट धरला. नवसूकाका कुरकुरत स्टुलावर चढले. हळदीने माखलेला अर्धा मांडव मागोमाग काकांच्या ओटीवर आला. भूमिका अमोलला ओढतच घेऊन आली. तो पायरीखालीच थांबला.

ट्यूब लागली. दगडावर निखारे फुलावेत तशी शेंदरी पेटली.

तिचा रंग निळ्या उजेडातच खुलायचा. काका पायरी उतरून खाली अमोलजवळ गेले.

“दुकानात बारा वर्षं काढली, पण या पोरींनी बघितलं तसं मी बघितलं नाय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि या पोराला चोर म्हटलं. अमोल, माझं चुकलं रे. शेंदरीचा तुकडा तुझा.”

“बरणीत मरंल तो,” अमोल म्हणाला. “हितंच ऱ्हाऊ द्या. आमी बघायला येऊ.”

काकांनी त्याचा हात धरून त्याला पायरी चढवली आणि काचेसमोर सगळ्यांच्या पुढे उभं केलं.