बुंध्याशी थापलेली माती

वारा नव्हता, पाऊस नव्हता, तरी अंगणातलं झाड मास्तरांवर कोसळलं. फौजदारबाई पोचल्या तेव्हा मास्तरांचा मृतदेह नेला होता. खाली बाकाचे तुकडे पडले होते.

"झाड ठणठणीत होतं," वृक्ष-तपासनीस ज्याला त्याला सांगत होता. गेल्या आठवड्यात त्यानंच तसा दाखला दिला होता. आता अख्खी गल्ली त्याच्या जिवावर उठली होती. नोकरी तर जाणारच, वर तुरुंगही.

"बुंध्याला अळंबी नव्हती?"

"एकही नाही, बाई. असती तर झाड तेव्हाच पाडायला लावलं असतं."

फौजदारबाई वाकल्या. उन्मळलेली मुळं कुजून भुसभुशीत झाली होती, सालीखाली बुरशीचे बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे होते. बुंध्याशी मात्र नवी माती थापलेली. त्यांनी ती उकरली. आत अळंबीचे मधाच्या रंगाचे देठ, सुरीनं सफाईनं कापलेले.

मास्तरांची बायको स्वयंपाकघरात सुन्न बसली होती. समोर दोन कप मांडलेले.

"काकू, मास्तर रोज तिथंच बसायचे?"

"रोज सकाळी. मुलगा झाला तेव्हा लावलेलं झाड ते. मुलगा गेला, मग हे झाडाशीच बोलायचे."

"तपासणी होणार हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मलाच. यांना बोललेच नाही मी."

फौजदारबाईंनी तपासनिसाला आत बोलावलं.

"तुम्ही चुकला नाहीत. तुम्हाला दिसेल असं काही ठेवलंच नव्हतं. कुणी खायला अळंबी नेली असती, तर वर माती कशाला थापली असती? लपवायचं होतं म्हणून थापली. आणि तपासणीचं फक्त काकूंना ठाऊक होतं."

काकूंनी मान खाली घातली.

"झाड पाडलं असतं तर हे खचले असते. मुलाला दोनदा पोचवायचं का त्यांनी? वाटलं, अळंबी काढली की रोगही जाईल."

"रोग मुळांत होता, काकू. वर दिसत होती ती फक्त त्याची खूण."

तावातावानं आलेला तपासनीस काकूंशेजारी येऊन बसला. गुन्हा उलगडला होता आणि फौजदारबाईंचा जीव तुटत होता.

"याला सोडा," काकू म्हणाल्या. "माझं नाव लिहा."

त्या उठल्या. अंगणाचं दार सताड उघडं होतं. फौजदारबाई ते लावायला गेल्या, तशा काकू घाईनं म्हणाल्या, "राहू दे. हे चहाला आत येतात."