निळे पडलेले प्रिंट

"ताई, लगेच या. शाईनं मला बुडवलं."

एवढं बोलून छायाचित्रकारानं फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. हवामानाची बातमी वाचावी तसा आवाज. बायको गेल्यापासून तो असाच बोलत होता.

ताई म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात गेली होती. गोदामाला आग कुणी लावली, गाडी कुणी ठोकली, हे ती माणसांना बोलतं करून काढायची. आता निवृत्त. बहीण गेल्यापासून तिचेही दिवस नुसते सरकत होते. कुणीतरी बोलावलं, तशी ती चपला घालून निघाली.

दार त्यानंच उघडलं. भर दुपारी घरातले सगळे दिवे चालू होते. त्याच्या एका पायात काळा मोजा होता, दुसऱ्या पायात गडद निळा. ताईनं पाहिलं आणि सोडून दिलं. एकट्या पुरुषाचं घर.

कामाच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर उशी. कोपऱ्यात तीन लांब नळकांडी उभी होती, तोंडावरची चिकटपट्टी तशीच.

"नीट सांगा, भाऊजी. काय झालं?"

"नवी वेबसाइट केली ना. जुनीवर फोटो नुसते बघता यायचे, प्रिंट हवा तर फोन करावा लागायचा. नवीवर बघायचा, आवडला तर मोठा प्रिंट मागवायचा. तिचीच कल्पना होती. ती गेल्यावर मी पुरी केली."

"मग?"

"तीन प्रिंट गेले, तिन्ही परत आले. वेबसाइटवर ऊन सोनेरी, हातात पडलं ते निळं. एकानं लिहिलंय, भट्टीपुढचा पाववाला मढ्यासारखा दिसतो."

"तुम्ही उघडून बघितले?"

"काय बघायचं? तिघं तीन गावांतले, तिघांचं म्हणणं एकच."

"आणि दोष शाईचा?"

"छापतो कोण? तोच. त्याला मोठी कामं मिळायला लागलीत. माझं उरकून टाकतो. उद्या सगळ्या ग्राहकांना कळवणार आहे, नावानिशी."

शाई म्हणजे त्याचा जुना मित्र, प्रिंट छापणारा. बोटं कायम रंगलेली, म्हणून नाव शाई पडलं.

"नाव गेलं तर त्याचं दुकान बसेल, भाऊजी. छपाई विश्वासावर चालते."

"बसू दे."

ताईनं आपल्या फोनवर वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर तिची बहीण, गच्चीवर उभी राहून हसणारी. पण गाल, ओठ सगळं गारठल्यासारखं. ताईनं ते पान पटकन वर सरकवलं. आपल्यालाच बघवत नाही, असं तिला वाटलं. खालचे फोटो मात्र उबदार होते. पाववाल्याच्या तोंडावर भट्टीचा लाल उजेड.

"मला आजचा दिवस द्या," ती म्हणाली. "उद्या काय लिहायचं ते लिहा."

*

"या, ताई! चौकशीला आलात ना?" शाईनं यंत्राशेजारचं स्टूल पुढे ढकललं. "बेड्या घट्ट आणा. हात बुळबुळीत आहेत, निसटतील."

"फाईल आली की तुम्ही रंगाला हात लावता?"

"लावला तर हात मोडेल तो माझा. पहिल्यापासून बजावलंय, तू फक्त छाप."

"प्रिंट निळे आले, ते दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाही?"

शाई अंगठ्यावरचा डाग घासत राहिला. तो डाग जाणारा नव्हता.

"बायको गेलीय त्याची. म्हटलं, सध्या त्याला जग असंच दिसत असेल. काय सांगू त्याला? बाबा रे, दुःख जरा कमी कर, प्रिंट बिघडतोय?"

"पूर्वी अशा फाईल यायच्या?"

"छे! पूर्वी वहिनी पाठवायच्या. दुपारी तो जरा आडवा झाला की त्यांचा फोन. पाठवलीय हो, बघा. एक प्रिंट कधी परत आला नाही."

ताईनं आपल्या फोनमधला एक फोटो त्याला छापायला दिला. तिच्या गॅलरीतली पिवळी फुलं. तिच्यासमोरच कागद बाहेर आला. फुलं पिवळीधमक होती, तिनं सकाळी पाणी घातलं तेव्हा होती तशी.

म्हणजे यंत्र ठीक होतं.

*

वेबसाइट बनवणारी मुलगी कानाला हेडफोन लावून जेवत होती. ताईला बघून तिनं डबा बंद केला.

"मला ठाऊकच होतं, मॅडम. काही बिघडलं की वेबसाइटवाली."

"जेव गं तू. एवढंच सांग, वेबसाइटवर दिसणारे फोटो आणि छापायला जाणारे फोटो एकच का?"

"नाही. दाखवायला मी जुन्या साइटवरचे छोटे फोटो उचलले, छान होते म्हणून. मोठ्या प्रिंटला ते पुरत नाहीत. म्हणून सरांनी मोठ्या फाईल नव्यानं तयार केल्या. एकटेच बसून."

"नंतर त्यात कुणी ढवळाढवळ केली?"

"केली असती तर मला दिसलं असतं. सरांनी दिल्या तशाच पडून आहेत."

"आणि पहिल्या पानावरचा फोटो?"

"तोही सरांनी नव्यानंच केला." तिनं डबा बाजूला सरकवला. "मी म्हणणार होते, सर, बाई आजारी दिसतायत. पण गेलेल्या बायकोच्या फोटोत काय चूक काढायची?"

ताई जिना उतरताना मध्येच थांबली. दिवे. मोजे. उशीची खुर्ची, बहिणीची. शेवटची वस्तू तिला सगळ्यात आधी दिसायला हवी होती.

*

संध्याकाळच्या आत तिनं शाईला आणि त्या मुलीला छायाचित्रकाराच्या घरी बोलावलं. शाई दाराशीच उभा राहिला. छायाचित्रकारानं त्याच्याकडे बघितलं नाही.

ताईनं बैठकीतल्या भिंतीवरून पाववाल्याचा जुना प्रिंट काढून आणला. मग एक नळकांडं फोडून तोच फोटो बाहेर काढला, परत आलेला. दोन्ही खिडकीशी शेजारी ठेवले.

"भाऊजी, यातला बिघडलेला कुठला?"

त्यानं वाकून पाहिलं. वेळ घेऊन पाहिलं.

"हा," तो म्हणाला. "पार पिवळा पडलाय. हा दुसरा बरोबर आहे."

पिवळा म्हणून त्यानं बोट ठेवलं होतं ते भिंतीवरून काढलेल्या जुन्या प्रिंटवर.

मुलीनं तोंडावर हात ठेवला. शाई आत आला आणि मित्राच्या शेजारी उभा राहिला.

"मी दुपारपासून विचारत होते, फोटो कोण बिघडवतंय," ताई म्हणाली. "प्रश्नच चुकला होता. शाईचं यंत्र ठीक आहे, मी माझा फोटो छापून बघितला. फाईलला कुणी हात लावला नाही, ही मुलगी सांगते. म्हणजे फाईल निळ्या तुमच्याच हातून झाल्या. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, भाऊजी. पिवळी काच लावून बघावं तसं तुम्हाला दिसतं. ते पिवळं घालवायला तुम्ही निळं वाढवता. दिवसा दिवे लावूनही तुम्हाला अंधारल्यासारखं वाटतं. पायातले मोजे बघा, एक काळा आहे, एक निळा."

त्यानं खाली पाहिलं. त्याला दोन्ही काळेच दिसले.

"पण पूर्वी तर..."

"पूर्वीही तुम्ही निळंच करत होता. तुम्ही दुपारी झोपलात की ती या उशीच्या खुर्चीत बसायची, रंग परत जागेवर आणायची आणि शाईला फोन करायची. नवं कुणी काही केलं नाही. जी रोज दुरुस्त करायची, ती राहिली नाही."



"मला का नाही सांगितलं?"

"सांगत नव्हती? डोळे दाखवा, डोळे दाखवा."

"म्हणायची." तो आपल्या खुर्चीवर बसला. "माझ्या वडिलांचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला. मी तिला म्हटलं, पुन्हा हा विषय काढलास तर कॅमेरा विकून टाकीन."

"मग तिनं विषय काढला नाही."

त्यानं खुर्ची स्क्रीनकडे वळवली. मग पहिल्या पानावरचा फोटो उघडला.

"हीसुद्धा?"

"हो."

"लोकांनी तिला अशी पाहिली."

त्यानं उशीची खुर्ची बाहेर ओढली.

"बसा, ताई. मी सरकवतो. कुठे थांबायचं ते सांगा."

ताई बसली. तो स्क्रीनवरची रंगाची खूण हळूहळू सरकवू लागला. अजून. अजून थोडं. गालांवर रक्त आलं, ओठांवर आलं, गच्चीवरचं ऊन केसांत उतरलं.

"थांबा."

"मला ही हळदीत बुडवल्यासारखी दिसतेय."

"मला माझी बहीण दिसतेय."

त्यानं फाईल तशीच जतन केली. मग मान न वळवता म्हणाला, "शाई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी एकटा जाणार नाही."

"तुला एकटा सोडतो कोण?" शाई म्हणाला. "आधी मोजे बदल."