दुसऱ्या बाजूचं गाणं

"मंजूदी, धावत या. तबकडी गेली!"

फोनवर तिथी रडत होती. मंजुलिका नागने चहा तसाच टाकला आणि गडियाहाटची रिक्षा पकडली. तीस वर्षं तिने रेडिओच्या संग्रहात तबकड्या सांभाळल्या होत्या. निवृत्त झाली तरी काही हरवलं-बिघडलं की कोलकात्यातले गाणंवेडे तिलाच हाक मारत.

तिथीच्या दुकानात जुन्या गाण्यांची नुसती जत्रा. कपांवर, पिशव्यांवर, टी-शर्टांवर एकच चेहरा, तरुलता गुहनियोगी. सत्तावन्न सालच्या दुर्गापूजेला निघालेलं तिचं गाणं अजून घरोघरी गुणगुणतात. तिच्या आवाजातली तबकडी मात्र एकच उरलेली, बादल शिकदारांकडे. आज चार वाजता ती इथे वाजायची होती.

आता ती टेबलावर पडली होती. वरची बाजू राखाडी, चिकट. स्पिरिटचा वास येत होता.

"या कपवालीनंच पुसली!" बादलबाबू कडाडले. "लाखेच्या तबकडीला स्पिरिट खातं, एवढी अक्कल नाही आणि निघाली जुनी गाणी विकायला! उद्यापासून एक गाणंवेडा हिची पायरी चढला तर नाव बदलेन."

"मी हातसुद्धा लावला नाही, काका!" तिथीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पूजेच्या तोंडावर दुकान बसलं असतं.

कोपऱ्यात पंचाऐंशीच्या इंदुलेखादी बसल्या होत्या, तरुलताची धाकटी बहीण. तबकडीच्या एका बाजूला थोरली गायली होती, दुसऱ्या बाजूला ही.

"ओरडून काय होणार, बादल?" त्या म्हणाल्या. "चार वाजता दुसरी बाजू लाव. आलेली माणसं तशीच नको परतायला."

मंजुलिकाने खुर्ची ओढली.

"तबकडी कधी ठेवलीत, बादलबाबू?"

"नऊला. मग सुया आणायला गेलो. येऊन बघतो तर हे!"

"उलटून बघितलीत?"

"काय बघायचं? दोन्हीकडून मेली असणार."

"तिथी, तू कुठे होतीस?"

"मागे, कप मांडत. स्पिरिटची बाटली इथेच विसरले. त्यानेच तर पुसते मी सगळं, नव्या रेकॉर्डीसुद्धा."

"आणि ही पुसली असतीस तर?"

"तर मिरवत सांगितलं असतं! बिघडतं हे मला आत्ता कळतंय."

"इथे कोण होतं?"

"मी," इंदुलेखादी म्हणाल्या. "पण डुलकी लागली होती गं."

मंजुलिका बादलबाबूंकडे वळली. "पोरीचा मत्सर वाटत होता ना?"

"वाटतोच! चाळीस वर्षं जपली मी, आणि गर्दी हिच्या कपांना. पण हिला बुडवायला मी माझं लेकरू मारेन होय?"

मंजुलिकाने तबकडी कडांना धरून उलटली. दुसरी बाजू काळीभोर, चकचकीत. ओरखडा नाही.

"तिथीने पुसली असती तर दोन्ही बाजू पुसल्या असत्या, आणि लपवलंही नसतं. बादलबाबूंना तर दोन्ही गेल्या असंच वाटलं. मी हात लावेपर्यंत कुणी ही उलटलीच नव्हती. मग इंदूदी, दुसरी बाजू वाजेल हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

इंदुलेखादींची मान खाली गेली. मग एकदम उसळल्या.

"हो, मीच पुसली! आयुष्यभर ऐकतेय, 'तुम्ही तरुलतादींची बहीण ना?' मेली तरी कपावरून माझ्याकडे बघून हसते. जळते मी तिच्यावर, आजही जळते! एकदा तरी लोकांनी मला ऐकावं. पोरीवर आळ यावा असं नव्हतं मनात."

"आला तेव्हा गप्प बसलात."

बादलबाबूंनी तिथीच्या डोक्यावर हात ठेवला, "चुकलो, पोरी," म्हणाले, आणि रागारागाने नवी सुई बसवली. "ऐका मग तुमचं गाणं!"

खरखर झाली, मग कोवळा, कापरा आवाज आला. पहिल्याच कडव्यात सूर उतरला. दुसऱ्यात आणखी. साठ-पासष्ट वर्षांत इंदुलेखादींनी तो ऐकला नव्हता. त्या ऐकत राहिल्या आणि चेहरा पार उतरत गेला.

"बेसूर आहे रे," त्या हळूच म्हणाल्या. "पुरे कर, बादल. दीदीचं लाव."

बादलबाबूंनी सुई उचलली आणि तबकडी उलटून ती राखाडी, चिकट बाजू त्यांच्यापुढे धरली.