पंधरा सेकंदांची पहिलवान

कॉलेजची लिफ्ट बंद होती म्हणून हे सगळं घडलं. नाहीतर आमची ठमी कशाला जिने चढायला जातेय! ठमी हे तिचं घरचं नाव. मोबाईलवर तिचं नाव भारी होतं, आणि तिथं पन्नास हजार लोक तिच्याकडून व्यायाम शिकत होते. नजर मोबाईलमध्ये, पाय पायरीवर... आणि दुसऱ्या मजल्यावर ती एका उंच मुलावर धाडकन आदळली.

"सॉरी—" पुढचा शब्द फुटेना. ही धाप लागलेली!

"बस आधी," तो म्हणाला. गळ्यात स्टॉपवॉच, डोळ्यांत हसू. "तू ती 'आळस झटका'वाली ना?"

"हो..."

"मग हे काय? दोनच तर मजले चढलीस!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगायचं तर, ठमीची एकेक रील पंधरा सेकंदांची. पंधरा सेकंद उड्या मारायच्या आणि मग दोन तास पलंगावर लोळत लाइक बघायचे. सलग एक मिनिट बाई कधी हललीच नव्हती! पण भूगर्भशास्त्राचं बारा दिवसांचं डोंगरातलं शिबिर तोंडावर आलेलं, आणि त्याआधी पायरीची चाचणी: तीन मिनिटं न थांबता चढ-उतर, मग लगेच एक मिनिट नाडी मोजायची. नापास झालं तर शिबिर नाही, आणि शिबिर नाही तर वर्ष वाया. दुसऱ्या दिवशी चाचणीला गेली तर समोर कोण? शारीरिक शिक्षण विभागातला तोच स्टॉपवॉचवाला! ठमी पन्नासाव्या सेकंदाला मटकन खाली बसली. डोळे भरून आले.

"पाच आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे," तो हळूच म्हणाला. "रोज सकाळी सहाला मैदानावर ये. मोबाईल मात्र घरी."

"घरी? आणि माझे फॉलोअर्स?"

"ते झोपलेले असतात गं त्या वेळी."

पहिला आठवडा तिने त्याला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की हसताना त्याचा डावा गाल आधी हसतो... मग उजवा. ओल्या गवतावरून दोघं बोलत बोलत धावायची. तो भयंकर बेसूर गायचा, आणि तिला ते आवडायला लागलं होतं, म्हणजे बघा!

एकदा जेवताना आई म्हणाली, "अगंबाई, चक्क माझ्याकडे बघून बोलतेयस! बरी आहेस ना?" ठमी हसली, आणि मग तिला रडूच आलं. कितीतरी महिन्यांत तिने आईकडे नीट पाहिलंच नव्हतं.

फेरपरीक्षेला विभागाच्या मॅडम टेबलापाशी बसल्या होत्या. ठमीने तीन मिनिटं पुरी केली! त्याने तिचं मनगट धरलं. मिनिट संपलं.

"किती?" मॅडमनी पेन उचललं.

तो कानापर्यंत लाल.

"मॅडम... मोजलंच नाही मी."

"म्हणजे?"

"तिचा हात हातात आला आणि... आकडेच विसरलो."

मॅडमनी चष्मा काढला. "अरे गाढवा, शेकडो पोरांच्या नाड्या मोजल्यास तू! नाडी नाही तर चाचणी रद्द. आणि शिबिराची यादी तासाभरात द्यायचीय."

ठमीने त्याच्याकडे पाहिलं. असा राग आला, असा राग आला... पण त्याचा पडलेला चेहरा पाहून टिकलाच नाही.

"सरक," ती म्हणाली. "पुन्हा करते."

चौथं मिनिट. पाचवं. मांड्या पेटल्या, घाम डोळ्यांत उतरला, पण पाय थांबले नाहीत. सहावं संपलं. या वेळी नाडी मॅडमनी स्वतः मोजली आणि म्हणाल्या, "पास."

बाहेर पायरीवर तो खाली मान घालून बसला होता. "माफ कर. माझ्यामुळं तुझं वर्ष गेलं असतं."

"तुझ्यामुळंच वाचलं, वेड्या." ती त्याच्या शेजारी टेकली. "माझे पाय मला परत मिळाले. सकाळ मिळाली, आई मिळाली. तुझे किती उपकार मानू, सांग ना?"

"उपकार नको मानूस. फक्त... परका मानू नकोस."

"तो तर कधीचाच नाहीस," ती म्हणाली. मग लाजली, पण नजर वळवली नाही.

"डोंगरात रेंज नसते म्हणे," तो पुटपुटला. "बारा दिवस... कसे काढू मी?"

"परतीची गाडी जिथं थांबेल तिथं उभा राहा," ती म्हणाली. "मी धावत येईन."